आत माणूस असताना कडी नाही

पुण्याची एसटी आमच्या तेरखेड्याच्या थांब्यावर जेमतेम दोन मिनिटं थांबायची. मी गाव सोडलं त्या दिवशी तेवढ्या वेळात आई कारखान्यातून पळत आली ती अनवाणीच. फटाक्याच्या कारखान्यात चपला कुंपणाबाहेर काढून ठेवायच्या असतात. तळव्यात एखादा खिळा असला, दगडावर घासला आणि ठिणगी उडाली तर मग काहीच हातात राहत नाही. घाईघाईत त्या चपला घालायच्या राहूनच गेल्या होत्या.

मी खिडकीशी बसलो होतो. आईनं खालून हात वर करून उघडी काच धरली. भुईनळ्यात भरायच्या चंदेरी भुकटीनं तिची बोटं नखांपर्यंत माखली होती. "जाशील तिथं आधी दार बघून ठिव," ती म्हणाली. "कुठनं निघायचं ते पयलं बघायचं, मग बसायचं." सगळी गाडी ऐकत होती. मला लाज वाटली. मी नुसती मान हलवली. एकवीस वर्षांचा होतो आणि गाडी लवकर सुटावी असं मला मनापासून वाटत होतं.

तिच्या चार बोटांचे ठसे काचेवर आतल्या बाजूनं राहिले. त्यातली एकेक रेघ मोजता येईल इतके स्वच्छ. टेंभुर्णीपर्यंत ते दिसत होते. पुढं मी त्याच काचेला डोकं टेकून झोपलो, आणि पुण्यात उतरलो तेव्हा काच कोरी होती. चंदेरी डाग माझ्या कपाळावर आला होता.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे त्या बोटांबद्दल आणि एका दाराबद्दल मला काही कबूल करायचं आहे. गावात जे राहिले त्यांच्यापाशी, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले आणि तिकडून गावची काळजी घेतात त्यांच्यापाशीसुद्धा.

पुण्यात मी आधी कॉम्प्युटर जोडायला शिकलो, मग दुरुस्त करायला, मग एका कंपनीत आयटी सपोर्टला लागलो. सपोर्ट म्हणजे बहुतेक वेळा लोक पासवर्ड विसरतात आणि मी तो नवीन करून देतो. पंचवीस वर्षं याच कामात गेली. गेल्या वर्षी साहेबांनी बोलावलं आणि सांगितलं, की हे काम आता आपोआप होणार आहे. तुम्ही सायबर सिक्युरिटीकडं वळा, सुरुवातीची परीक्षा आहे ती द्या. मी सत्तेचाळीस वर्षांचा. दर रविवारी सकाळी क्लासला जाऊ लागलो. वर्गात सगळे मला काका म्हणायचे, सरसुद्धा.

आणि खरं सांगतो, मला ते लई आवडलं. भीतीनं गेलो होतो, पण दुसऱ्या रविवारपासून ओढीनं जाऊ लागलो. शाळेनंतर पहिल्यांदाच काहीतरी नवं डोक्यात शिरत होतं. माहिती सुरक्षित आहे म्हणजे नेमकं काय, याची त्या अभ्यासात तीन उत्तरं आहेत. ती परक्याच्या डोळ्याला पडू नये, ती कुणी बदलू नये, आणि ज्याची आहे त्याला हवी तेव्हा मिळावी. किती साधं आहे! मी कंपनीच्या बसमध्ये बसून या तिन्हीत सगळं जग बसवून बघायचो. आमच्या सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर, बायकोची भिशीची वही, दवाखान्याची फाईल. माझी मुलगी सई अकरावीत आहे. ती नाश्त्याच्या वेळी माझी उजळणी घ्यायची. "बाबा, धोका आणि कच्चा दुवा यात फरक काय?" मी सांगायचो, "मांजर हा धोका, उघडं राहिलेलं दूध हा कच्चा दुवा." ती म्हणायची, "परीक्षेत मांजर लिहू नका म्हणजे झालं."

एकच प्रकरण मी सोडून दिलं होतं. दारं, कुलपं, गेट, पहारा. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना त्यात काय शिकायचं असतं? शेवटी एकदा चाळू म्हटलं.

वेळा अमावस्येला गावी गेलो. आमच्या जिल्ह्यात त्या दिवशी कुणी घरी जेवत नाही, सगळे शेतात. कडब्याच्या कोपीपुढं मिसळीच्या भाजीचं, म्हणजे भज्जीचं पातेलं, आंबिलाचा माठ. आईच्या माहेरच्या शेतात आम्ही दुपारपर्यंत होतो. हमीदामावशीही होती. ती आईची शेजारीण, कारखान्यातली जोडीदारीण. दोघींनी तीस वर्षं एका शेडमध्ये समोरासमोर बसून नळ्या वळल्या, दारू भरली. आता दोघी थकल्या, दोघी विधवा, आणि सकाळचा चहा कधी हिच्याकडं, कधी तिच्याकडं.

संध्याकाळी घरी आलो आणि मी ते घर नव्या डोळ्यांनी पाहिलं. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. दार दिवसभर नुसतं लोटलेलं. बाहेर जायचं असलं की कुलूप, आणि त्याची किल्ली दाराशेजारच्या देवळीत, पणतीमागं. ती तिथं असते हे गल्लीला ठाऊक. आईचा मोबाईल बिनकुलपी. ज्याला फोन लावायचा असेल तो येऊन लावतो. बँकेच्या कार्डाचा पिन नंबर पिठाच्या डब्यावर खडूनं लिहिलेला. मी वही काढली आणि यादी करायला बसलो. क्लासमध्ये शिकवलं होतं तशीच. वस्तू, कच्चा दुवा, धोका किती, उपाय काय.

"काय लिव्हतुयास?" आईनं विचारलं.

"घरात काय काय धोके आहेत ते."

"माज्या घरात चोरायला काय हाय? तुज्या बापाचा फोटू?"

हमीदामावशी उंबऱ्यावर बसून वटाणे सोलत होती. ती म्हणाली, "आता आमाला बी आत यायला पास काढावा लागंल का रं दत्ता? फोटो आनू का?"

मी हसलो, पण थांबलो नाही. खडू पुसला. दुसऱ्या दिवशी येरमाळ्याहून एक लॅच आणलं. दार ओढून घेतलं की आपोआप बसतं, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. सुतार बोलावून दाराला भोक पाडून ते बसवलं. किल्ल्या दोन. एक आईच्या गळ्यातल्या दोऱ्यात ओवली, एक माझ्या खिशात. देवळी रिकामी केली.

मग मोबाईल. बोटाचा ठसा लावू, म्हणजे तिला काही लक्षात ठेवायला नको, असं ठरवलं. तिचा अंगठा काचेवर ठेवला. फोन म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. पुसून ठेवला. पुन्हा. तर्जनी, मधलं बोट, मग दुसरा हात. दहाही बोटं झाली. मी तिचा हात उजेडात धरून पाहिला. बोटांवर रेघाच नव्हत्या. कागद, खळ आणि भुकटीनं तीस वर्षांत त्या झिजवून टाकल्या होत्या. बोटांची टोकं नदीतल्या खड्यासारखी गुळगुळीत.

"रेशनला बी माजा आंगठा लागत न्हाय," ती सहज म्हणाली. "दुकानदार यंत्रात माजं डोळं बघतो आन् मग देतो."

मला टेंभुर्णीपर्यंत दिसलेली ती काच आठवली. आठवली आणि मी तिथंच थांबायला हवं होतं. तिचा हात हातात घेऊन नुसतं बसायला हवं होतं. पण मी यादीतली ती ओळ पुरी करण्याच्या नादात होतो. सहा आकड्यांचा नंबर टाकला. जन्मतारीख, घर नंबर असलं सोपं काही ठेवायचं नाही हे मला पाठ होतं, म्हणून कशाशी संबंध नसलेले सहा आकडे निवडले. तिच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतले. शाळेच्या पोरीसारखी ती ते म्हणत राहिली. कुलूप लागलेल्या फोनवरूनही मदतीसाठी फोन लावता येतो, हे तिला दाखवायला मी विसरलो. घरच्या माणसाचा नंबर त्या बंद पडद्यावरसुद्धा दिसेल अशी सोय करता येते. तीही केली नाही. दोन्ही मला माहीत होतं.

निघताना तिनं दाराकडं बघत एकदाच म्हटलं, "दत्ता, आत माणूस असताना कडी न्हाय लावत आपन."

हा कारखान्याचा नियम. मी चड्डीत होतो तेव्हापासून ऐकलेला. शेडला समोरासमोर दोन दारं, दोन्ही बाहेरच्या बाजूला उघडणारी, आणि आत एक जरी बाई बसलेली असली तरी कडीला हात लावायचा नाही. जी लावेल तिला त्या दिवशी कामावरून घरी पाठवायचे, मग ती मुकादमाची बायको का असेना.

"आई, ते कारखान्यात," मी म्हणालो. "हे घर आहे."

वहीच्या यादीत शेवटची एकच ओळ राहिली होती. 'छप्पर : पत्रे नुसते दगडांच्या वजनावर. धोका जास्त. पुढच्या खेपेला बोल्ट मारून घेणे.'

तीन आठवड्यांनी, रविवारी, क्लासला सराव परीक्षा होती. आठ ते दहा. फोन बंद करून टोपलीत ठेवायचे. दहाला बाहेर आलो, फोन चालू केला, तर हमीदामावशीचे अकरा मिस्ड कॉल आल्याचे मेसेज.

झालं ते असं. आई सकाळी न्हाणीत पाय घसरून पडली. खुबा मोडला. साडेसातला. आठला मावशी चहाला आली. दार बंद. हाक मारली. आतून आईचा आवाज आला, बारीक. मावशीचा हात सवयीनं देवळीत गेला. पणती होती, किल्ली नव्हती. आईला न्हाणीतून सरकता येत नव्हतं, आणि किल्ली तिच्याच गळ्यात. मोबाईल फळीवर. मावशी लावत होती, तो वाजत होता, दोघींना ऐकू येत होता. खिडकीला गज. दार आमच्या वडिलांनी केलेलं, सागाचं, पहारीनं हलेना. मग मावशीनं मला फोन लावायला सुरुवात केली. दुसरी किल्ली पुण्यात, माझ्या की-चेनला, त्या टोपलीशेजारच्या माझ्या बॅगेत होती.

आई ओल्या फरशीवर पौष महिन्याच्या थंडीत सव्वा तास पडून होती.

ती बाहेर कशी निघाली ते ऐका. हमीदामावशी दारापासून मागं झाली आणि तिनं वर पाहिलं. कारखान्याच्या शेडच्या भिंती जाड असतात आणि छप्पर मुद्दाम हलकं ठेवतात. काही झालंच तर झटका वर निघून जावा, भिंती माणसांवर पडू नयेत. माझे वडील त्याच कारखान्यात गवंडीकाम करायचे. स्वतःचं घर बांधताना त्यांनी पत्रे तसेच ठेवले होते, दगडांवर. मावशीनं तिच्या थोरल्याला, सलीमला, वर चढवलं. त्यानं चार दगड बाजूला केले, एक पत्रा उचलला आणि आत उतरला. लॅच आतून नुसतं फिरवायचं असतं. एका हातानं उघडलं.

ज्या ओळीत मी 'पुढच्या खेपेला' लिहिलं होतं, ती मी आधी घेतली असती तर? पुण्याहून निघालो ते पाच तास मी या एका प्रश्नापलीकडं गेलो नाही.

धाराशिवला दवाखान्यात पोचलो तेव्हा आईला पलंगावर घेतलं होतं. गावचे चार जण भेटायला आले होते. कुणीतरी आईला विचारलं, "दार कसं काय बंद झालं, काकू?" आई म्हणाली, "माज्याच हातनं वढलं गेलं. म्हातारपन, दुसरं काय." माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. मी तिच्या पायाशी उभा होतो. मी म्हणू शकलो असतो, की ते लॅच मी बसवलं, तिचं न ऐकता बसवलं.  लोकांनी मान हलवली. एक जण माझ्याकडं बघून म्हणाला, "मुलगा लगेच आला, नशीब आहे." तेही मी ऐकून घेतलं. हमीदामावशी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून माझ्याकडं बघत होती.  तिनं चहा सगळ्यांना दिला आणि मला द्यायला विसरली. ती विसरणारी बाई नाही.

ऑपरेशन झालं. मी आठ दिवसांची रजा टाकली. परीक्षा दीड महिन्यावर होती आणि पुस्तक बॅगेत होतं. आई दुपारी झोपली की मी ते उघडायचो, पण पहिल्यासारखं वाचवत नव्हतं. सगळं पाठ असून मी जे केलं ते केलं, मग हे शिकायचं कशाला? तरीही एका दुपारी ते सोडलेलं प्रकरण उघडलं. दारं आणि कुलपं. बहुधा स्वतःला शिक्षा म्हणूनच उघडलं.

त्यात एक प्रश्न होता. वीज गेली, आग लागली, यंत्र बिघडलं, तर कुलपानं काय करावं? बंद राहावं की उघडावं? मी हळूहळू सरळ होऊन बसलो. हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. कुलूप बिघडलं तर, असा विचार मी केला होता. पण बिघडताना त्यानं कुठल्या बाजूला बिघडावं हे आधीच ठरवून ठेवायचं असतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पुस्तक सांगत होतं, की आत नुसत्या वस्तू असतील तर बंद राहिलेलं चालेल. पण आत माणसं असतील तर दार आपोआप उघडलं पाहिजे. माल गेला तरी चालेल. आधी जीव.

मी ते दोनदा वाचलं. जगभर शिकवतात ते पुस्तक. आणि त्यात आमच्या कारखान्याची शेड होती.

आई जागी होती. "काय वाचतुयास एवढं डोळं फाडून?"

मी तिला मराठीत समजावून सांगितलं. अख्खं पान. ती छताकडं बघत ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, "यवढं शिकायला तुला पुन्याला जावं लागलं व्हय?"

स्टुलावरून हमीदामावशी म्हणाली, "मग आमाला बी एक सर्टिफिकीट द्या म्हनावं. तीस वर्सं झाली आमच्या परीक्षेला."

आई हसली. हसताना खुबा दुखला म्हणून तोंड वाकडं केलं आणि पुन्हा हसली. पडल्यानंतर ती पहिल्यांदा हसत होती. तेव्हा मी बोललो. दोघींसमोरच बोललो, कारण आईला एकटीला सांगितलं असतं तर तिनं ते गिळून टाकलं असतं. म्हणालो, "मावशी, दार आईनं ओढलं नाही. ते तसंच बंद होतं. मी तसलंच आणलं होतं. आणि देवळीतली किल्ली मी काढली."

मावशी म्हणाली, "मला म्हाईत हाय बेटा. मी कुठं इचारलं? पन तू बोललास ते बरं झालं." उठून तिनं थर्मासमधला चहा ओतला आणि पहिला कप मला दिला.

आईनं डोळे मिटले होते. ती म्हणाली, "ती सहा आकडं मी त्याच दिवशी इसरले हुते. तुला वाईट वाटंल म्हनून बोलले न्हाय." मग म्हणाली, "तुज्या जन्माचा ठिवला आस्तास तर ध्यानात ऱ्हायला आस्ता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी." ती कुठलीच तारीख इंग्रजी महिन्यानं लक्षात ठेवत नाही. तिथीचे आकडे मांडून केलेला तो नंबर कुणा चोराला सापडला नसता.

परीक्षा मी दिली. पुण्यातल्या त्या केंद्रात खुर्चीवर बसायच्या आधी मी मागं वळून दार कुठं आहे ते पाहून घेतलं. पहाऱ्यावरच्या बाईंना ते चमत्कारिक वाटलं असावं. दारांचा प्रश्न आला की नाही हे सांगायची परवानगी नाही, तशी सही घेतात. पास झालो. सईनं सर्टिफिकेटचा फोटो आजीला पाठवला. आजीनं तो हमीदामावशीला दाखवला. मावशीनं उलट विचारलं, "आमचं कुठं हाय?"

आई आता वॉकर घेऊन चालते. मी तिला पुण्याला चल म्हणालो. खरंच मनापासून म्हणालो. ती म्हणाली, "तिथं आठव्या मजल्यावर माजं पत्रं कोन काढनार?"  

तिला घरी सोडलं त्या दिवशी मी स्वतः लॅच काढलं. फोनचा नंबर काढला. देवळीत पणतीमागं किल्ली ठेवली, आणि दुसरी हमीदामावशीच्या हातात दिली. तिनं ती पदराला बांधली. पत्र्याला बोल्ट मारलेले नाहीत. दगड मात्र एकदा वर चढून नीट ठेवले, वडिलांनी ठेवले होते तसे. खडूचा नंबर तेवढा मी पुन्हा लिहू दिला नाही. एवढं शिक्षण कामाला यायला हवं.

लॅच काढल्यावर दाराला आरपार गोल भोक राहिलं. मी म्हणालो, सुतार बोलावून बुजवून घेतो. घराच्या दाराला बाहेरून आत दिसणारं भोक, माझ्या वहीत त्याला लाल खूण पडली असती. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हमीदाला डोळा लावून बघता येतंय."

आणि तसंच चाललंय. रोज सकाळी आठला मावशी दाराशी येते, हाक मारायच्या आधी वाकून त्या भोकाला डोळा लावते. आई चुलीपाशी दिसते. मग मावशी मला फोन करते. मी त्या वेळी कंपनीच्या बसमध्ये असतो, मांडीवर पुढच्या परीक्षेचं पुस्तक असतं. फोन आता मी कुठल्याच टोपलीत टाकत नाही. सरांना सांगून ठेवलंय, तो चालू राहील, काय करायचं ते करा.

पूर्वी घर म्हटलं की मला गावातली एक जागा आठवायची, जिची मी दुरून राखण करायची. आता तसं वाटत नाही. घर त्या दोघी राखतात. मी फक्त त्या भोकापलीकडं, अडीचशे किलोमीटरवर, कान लावून असतो. मावशीचा फोन दहा सेकंदांचा असतो. नाव नाही, खुशाली नाही.

"दिसली," ती म्हणते. "चा ठिवलाय."